खान्देशातला उन्हाळा आणि घरातला पहिला एसी: निवड, जोडणी आणि बिलाचा हिशोब

एप्रिल-मेमध्ये जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, शिरपूर, रावेर या सगळ्या पट्ट्यात पारा ४२ च्या पुढे जातो. काही दिवस तो ४५ ला टेकतो. दुपारी बारानंतर रस्ते ओस पडतात आणि रात्री दहा वाजताही भिंतीला हात लावला तर ती गरम लागते. कूलर तर घरोघरी आहेच. आता पहिल्यांदा एसी घेणारी घरंही वाढताहेत, आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना मे महिन्याचं बिल पाहून धक्का बसतो.

दुकानात पहिला प्रश्न येतो, किती टन (म्हणजे थंड करण्याची ताकद) आणि किती स्टार (म्हणजे वीज वाचवण्याचा दर्जा)? पण बिल ठरवणाऱ्या बहुतेक गोष्टी दुकानाच्या बाहेर असतात. खोलीवरचा स्लॅब, पश्चिमेची भिंत, घरातली वायरिंग, महावितरणच्या बिलाचे टप्पे आणि एसी कोणत्या महिन्यात, किती वाजता लागतो हे सगळं त्यात येतं. माझं सांगणं थोडक्यात असं आहे: आधी छताचा ताप कमी करा, कोरड्या महिन्यांत दिवसा कूलर वापरा, आणि एसी एकाच खोलीला, मुख्यतः रात्रीसाठी आणि जूनच्या घामासाठी घ्या. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत. मार्चच्या आधी सुरुवात केली तर सगळ्या सवडीने होतात.

पायरी १: आधी छत, मग एसी

शेवटच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर उन्हात तापतो आणि सूर्य मावळल्यावर ती उष्णता खाली खोलीत सोडत राहतो, अगदी मध्यरात्र उलटेपर्यंत. आपण नऊ वाजता एसी लावतो तेव्हा खोलीतली हवा पंधरा-वीस मिनिटांत थंड होते, पण डोक्यावरचं छत तापलेलंच असतं. मग एसी रात्रभर त्या छताशी झगडतो आणि ते सगळे युनिट आपल्या बिलात येतात.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे गच्चीला चुना. मार्चमध्ये गच्ची झाडून, धुऊन घ्यायची, कळीचा चुना भिजवून गाळायचा, तो धरून राहावा म्हणून त्यात थोडा डिंक किंवा फेव्हिकॉल घालायचा आणि दोन हात मारायचे. पांढरा पृष्ठभाग बरंचसं ऊन परतवतो. पावसाळ्यात चुना धुऊन जातो, म्हणून दर वर्षी हे काम करावं लागतं. उष्णता परतवणारे तयार पांढरे रंगही मिळतात. ते महाग असतात, पण काही वर्षं टिकतात. स्वतःचं घर असेल आणि तिथेच राहायचं असेल तर रंग परवडतो. भाड्याच्या घरात घरमालकाला विचारून चुना मारावा.

दुसरा उपाय हिरव्या शेडनेटचा. नेट स्लॅबला चिकटवून पसरू नका, दोन-तीन फूट वर बांधा, म्हणजे खालून हवा खेळते. मेच्या शेवटी येणाऱ्या वादळी वाऱ्याने रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा आडव्या होतात, तिथे विटा ठेवून दाबलेली नेट काय टिकणार? लोखंडी पाइप किंवा बांबू पक्के रोवून, चारही बाजूंनी दोरीने ताणून बांधा. कुरडया आणि बिबडे वाळवायला एक कोपरा मोकळा ठेवायला विसरू नका, नाहीतर घरातल्या बाया नेट काढायला लावतील आणि त्यांचं बरोबरच असेल.

पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून नेट किंवा बांबूची चटई लावलेली कितीतरी बरी. ऊन काचेतून आत आलं की मग पडद्याचा उपयोग अर्धाच उरतो.

गावाकडे अजून धाब्याची घरं आहेत. जाड मातीचं छत आणि जाड भिंती उशिरा तापतात, त्यामुळे त्या घरांत कूलरवर निभावतं. शिवाय लाकडी सऱ्यांच्या फटींतून थंड हवा निसटते, म्हणून धाब्याच्या खोलीला एसी बसवण्याची घाई करू नका. पत्र्याच्या खोलीचं उलट आहे. पत्र्याखाली थर्माकोलचं किंवा पीओपीचं छत आणि वर नेट, एवढं केल्याशिवाय तिथे कितीही टनांचा एसी पुरत नाही.

पायरी २: कूलर कधी, एसी कधी

खान्देशाच्या उन्हाळ्याचे दोन भाग असतात आणि दोघांची हवा वेगळी असते. मार्च ते मेचा तिसरा आठवडा कोरडा असतो. मग मृगाच्या आसपास ढग येतात, हवा दमट होते, पाऊस मात्र लांबत जातो.

कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो, त्यामुळे हवा जितकी कोरडी तितका तो जोरात. बाहेर ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर पाण्याच्या जोरावर हवा थेट २२ अंशांपर्यंत उतरू शकते. चांगल्या जाळीचा कूलर प्रत्यक्षात २६-२७ अंशांची हवा देतो, आणि तेही साधारण २०० वॉटमध्ये. आता जूनचा दिवस घ्या. बाहेर ३७ अंश आणि आर्द्रता ५० टक्के. तिथे उतरण्याची मर्यादाच २८ अंशांची, म्हणजे कूलरमधून ३० अंशांची ओली हवा येणार. पारा पाच अंशांनी उतरलेला असूनही माणूस जास्त घामाघूम का होतो, ते यातून कळतं. एसीची खरी गरज त्या तीन-चार आठवड्यांत असते, आणि मेच्या रात्री तापलेल्या स्लॅबखाली.

म्हणून जुना कूलर विकू नका. दिवसा बैठकीत कूलर आणि रात्री झोपायच्या खोलीत एसी, ही जोडी खान्देशाला सगळ्यात परवडते. कूलरला मागून बाहेरची हवा आणि समोर हवा जायला उघडी खिडकी लागते. बंद खोलीत ठेवला तर अर्ध्या तासात खोली दमट होते. एसीचं याच्या अगदी उलट. आणि दोन्ही एकाच खोलीत एकदम कधीच लावू नका. कूलर हवेत पाणी घालतो, एसी तेच पाणी हवेतून काढण्यात वीज घालवतो.

कूलरची एक अडचण मात्र खरी आहे. मेच्या दुपारी मोठा कूलर तासाला कित्येक लिटर पाणी पितो आणि आपल्याकडे अनेक गावांत नळाला पाणी काही दिवसांआड येतं. जिथे टँकर विकत घ्यावा लागतो तिथे पाण्याचा खर्चही हिशोबात धरा. अशा घरात दुपारीही काही तास एसी लावणं चुकीचं नाही.

पायरी ३: मागच्या वर्षीचं मेचं बिल काढा

एसी घेण्याआधी हे एक काम जरूर करा. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. त्यात मागच्या मे महिन्याचे युनिट बघा.

घरगुती वापराचे टप्पे असे आहेत: १ ते १०० युनिट, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. प्रत्येक टप्प्याचा दर चढता असतो आणि तिसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या दुपटीहून जास्त असतो. त्यावर वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणण्याचा खर्च येतो, आणि एकूण रकमेवर १६ टक्के वीज शुल्क. दर बदलत राहतात, म्हणून तुमच्या ताज्या बिलावरचे दर धरा.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. ३०१ वा युनिट पडला की सगळं बिल वरच्या दराने लागतं, असं लोक समजतात. तसं नाही. पहिले १०० पहिल्याच दराने, पुढचे २०० दुसऱ्या दराने, आणि फक्त ३०० च्या वरचे युनिट तिसऱ्या दराने लागतात. तरीही ३०० ही रेषा महत्त्वाची आहे, कारण तिच्यापुढचा एसीचा प्रत्येक तास महाग पडतो.

आता हिशोब करू. समजा मागच्या मेमध्ये तुमचा वापर १६० युनिट होता. ३०० मधून १६० गेले, उरले १४०. त्याला ३० ने भागलं की रोजचे साधारण साडेचार युनिट. हे तुमचं एसीचं रोजचं बजेट. रात्री कूलरऐवजी एसी चालणार असेल तर कूलरचे रात्रीचे दीडेक युनिट वाचतील, म्हणजे बजेट सहापर्यंत जाईल.

सहा युनिटमध्ये एसी किती तास चालेल? दीड टनाचा ५ स्टार इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे जोर कमी-जास्त करणारा) एसी, वर चुना मारलेलं छत, तापमान २६-२७ आणि सोबत पंखा, असं असेल तर खोली एकदा थंड झाल्यावर तो तासाला सरासरी ०.६ ते ०.८ युनिट घेतो. म्हणजे आठ तासांची झोप. तोच एसी तापलेल्या स्लॅबखाली २० अंशांवर ठेवला तर तासाला १.३ युनिट किंवा त्याहून जास्त, म्हणजे साडेचार तासांत बजेट संपलं. यंत्र एकच, फरक छताचा आणि रिमोटचा.

पहिल्या आठवड्यात झोपताना आणि उठल्यावर मीटरच्या रीडिंगचा मोबाइलवर फोटो काढा. दोन्हीतला फरक म्हणजे रात्रीचा घरचा वापर. एक रात्र एसीशिवाय मोजली की एसीचा वाटा स्वच्छ कळतो. दुकानदाराच्या आकड्यापेक्षा हा आकडा खरा.

वर्षभरच ३०० च्या वर जाणारं मोठं घर असेल आणि गच्ची स्वतःची असेल, तर सौर पॅनलचा विचार जरूर करा. पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किंवा जास्त किलोवॉटला ७८ हजार रुपये केंद्राचं अनुदान आहे, आणि दिवसा तयार झालेली वीज नेट मीटरिंगने बिलातून वजा होते. पॅनलखालच्या स्लॅबला सावलीही मिळते. एका एसीसाठी मात्र आधी एक उन्हाळा बिल पाहा, मग ठरवा.

पायरी ४: खोली निवडा, मग टन

एसीला घरातली सगळ्यात लहान, बंद होणारी आणि पश्चिमेची भिंत नसलेली खोली द्या. जमलं तर वरच्या मजल्याऐवजी खालची. हॉलला एसी लावायचा मोह टाळा. हॉलला स्वयंपाकघर जोडलेलं असतं, जिना असतो, दार सारखं उघडतं.

टनाचा ढोबळ हिशोब असा. १०० चौरस फुटांपर्यंत, खालचा मजला असेल तर १ टन. १०० ते १७०-१८० चौरस फुटांना दीड टन. आपल्याकडची नेहमीची १० बाय १२ ची खोली जर थेट स्लॅबखाली असेल तर दीड टनच घ्या. यंत्राची क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते आणि बाहेर ४४ असताना ती घटते. १ टनाचा एसी अशा खोलीत रात्रभर पूर्ण जोराने धावत राहतो. याचा अर्थ लहान खोलीला २ टन लावा असा मात्र नाही. फार मोठा एसी हवा पटकन गार करून मंदावतो, दमटपणा काढतच नाही आणि जूनमध्ये खोली गार पण चिकट राहते.

एक बारकावा दुकानात कोणी सांगत नाही. सगळे दीड टन सारखे नसतात. हिशोबाने दीड टन म्हणजे सुमारे ५२७५ वॉट, पण लेबलवर ४८०० वॉटचे एसीही दीड टन म्हणून विकले जातात. लेबलवर १०० टक्के क्षमतेचा वॉटचा आकडा असतो, दोन मॉडेलची तुलना त्यावरून करा. माहितीपत्रकात बाहेरचं किती तापमान सोसतो तेही बघा. खान्देशासाठी ५० अंशांच्या वरचा आकडा हवा, कारण गॅलरीत बसवलेल्या बाहेरच्या युनिटभोवतीची हवा हवामान खात्याच्या आकड्यापेक्षा नेहमीच गरम असते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी-बाळी माहेरी येतात आणि घर भरतं. तेव्हा दुसऱ्या खोलीला एसी हवा असं वाटू लागतं. माझं मत, सगळ्यांच्या गाद्या त्या एकाच खोलीत टाका. एक माणूस सुमारे १०० वॉट उष्णता देतो, तर सहा माणसांचा भार दीड टनाचा चांगला एसी रात्री सहज पेलतो. दुसऱ्या एसीचा खर्च फार मोठा असतो.

पायरी ५: स्टारचं लेबल वाचणं

इन्व्हर्टर एसीच घ्या, यात दुमत नको. त्याचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे हळू-जोरात फिरतो, तर साध्या एसीचा पूर्ण जोरात चालू होतो आणि बंद पडतो. रात्रभराच्या वापरात फरक मोठा पडतो.

राहिला प्रश्न ३ स्टार की ५ स्टार. लेबलवर दोन आकडे महत्त्वाचे. एक आयएसईईआर, म्हणजे हंगामभरातली कार्यक्षमता. जितका जास्त तितका चांगला. दुसरा वर्षाला लागणारे युनिट, तोही १६०० तास धरून. बाहेर इतकं ऊन असताना आपला प्रत्यक्ष वापर त्या प्रमाणात वाढतो, म्हणून तो आकडा तुलनेपुरता धरा.

समजा ३ स्टार आणि ५ स्टारच्या लेबलमध्ये २४० युनिटांचा फरक आहे. तुमचा वापर वर्षाला १००० तास असेल तर फरक पडेल १५० युनिटांचा. तो तुमच्या सगळ्यात वरच्या टप्प्याच्या दराने गुणा, कारण एसीचे युनिट त्याच टप्प्यात पडतात. शुल्कासकट युनिटला १२ रुपये धरले तर वर्षाला १८०० रुपये. किमतीतला फरक ७-८ हजार असेल तर चार-साडेचार वर्षांत वसूल. एसी दहा वर्षं चालतो, त्यामुळे रोज रात्री लावणाऱ्या घराने ५ स्टार घ्यावा. पाहुण्यांच्या खोलीसाठी किंवा फक्त जूनपुरता हवा असेल तर ३ स्टार इन्व्हर्टर पुरे. वाचलेल्या पैशांत गच्चीचा रंग होतो.

लेबलवरचं वर्षही पाहा. स्टारचे निकष ठरावीक काळाने कडक होतात. जुलै २०२२ मध्ये झाले, पुन्हा जानेवारी २०२६ पासून झाले. त्यामुळे जुन्या लेबलचा ५ स्टार आणि नव्या लेबलचा ५ स्टार एक नव्हे. जुना साठा चांगल्या सवलतीत मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही, फक्त स्टारऐवजी आयएसईईआरचा आकडा ताडून पाहा. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, तो बिलात नीट लागलाय ना, ते बघून घ्या.

आतल्या-बाहेरच्या कॉइल तांब्याच्या असाव्यात, कारण गळती झाली तर तांब्याला झाळता येतं. बाकी वायफाय, आवाजाने चालणारा रिमोट वगैरेंसाठी जास्त पैसे देऊ नका. भाड्याने राहणाऱ्यांनी, बदलीच्या नोकरीवाल्यांनी विंडो एसीचा विचार करावा. आवाज जास्त, पण काढणं-बसवणं सोपं आणि स्वस्त.

पायरी ६: वायरिंग, अर्थिंग, व्होल्टेज

इथे पैसे वाचवू नका. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात ७-८ अँपिअर ओढतो, तेही तासन् तास. त्याच्यासाठी मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच) आणि जाड पिनचा सॉकेट हवा. मिक्सरच्या पॉइंटवरून किंवा एक्स्टेन्शन बोर्डावरून एसी कधीही चालवू नका. प्लग हाताला गरम लागला तर त्याच रात्री बंद करा आणि वायरमन बोलवा.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. अर्थिंगच्या खड्ड्यातली मातीही तशीच कोरडी पडून पट्टीपासून सुटते, आणि जेव्हा एसी सर्वांत जास्त चालतो तेव्हाच अर्थिंग कमजोर होतं. मार्च ते जून आठवड्यातून एकदा त्या खड्ड्यात बादलीभर पाणी घाला. जुन्या घरात एसी बसवण्याआधी अर्थिंग तपासून घेणं तर सक्तीचंच समजा.

बिलावरचा मंजूर भार पाहा. १ किलोवॉट लिहिलेलं असेल आणि घरात एसी, गिझर, पाण्याची मोटर आली, तर महावितरणकडे भार वाढवून घ्या. एकाच डीपीवर अर्जात न आलेले एसी वाढत गेले की मेच्या रात्री फेज जाते, आणि त्रास सगळ्या गल्लीला होतो.

गावांत संध्याकाळी व्होल्टेज पडतं. स्टॅबिलायझर नको असं सांगून विकलेल्या एसीच्या पुस्तिकेत तो कमीत कमी किती व्होल्टवर चालतो ते दिलेलं असतं. रात्री आठ-नऊला घरचं व्होल्टेज वायरमनकडून मोजून घ्या. त्या आकड्याच्या खाली जात असेल तर दीड टनाला ४ केव्हीएचा स्टॅबिलायझर लावा.

पायरी ७: बसवून घेताना समोर उभे राहा

बाहेरचं युनिट उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीवर. वर सावली असावी, पण पुढे मोकळं. चारही बाजूंनी ग्रिल आणि पडदे असलेल्या गॅलरीत ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं. आतल्या आणि बाहेरच्या युनिटमधलं अंतर जितकं कमी तितकं बरं. साधारण ३ मीटर कॉपर पाइप सोबत येतो, पुढच्या प्रत्येक मीटरचे पैसे वेगळे. स्टँड, ड्रेन पाइप आणि जादा वायर यांचे दर आधीच लिहून घ्या.

पाइप जोडल्यावर मेकॅनिकने व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओलावा काढलाच पाहिजे. थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलणं ही जुनी पद्धत आहे, तिने कॉम्प्रेसरचं आयुष्य घटतं. घाईत असलेला माणूस हे टाळतो. पंप आणलाय का, हे फोनवरच विचारा. फेब्रुवारीत बोलावलं तर तो निवांत काम करतो. एप्रिलमध्ये हातात वेळ नसतो.

पायरी ८: रोजचं चालवणं

पहाटे पाच ते आठ खिडक्या सताड उघड्या ठेवा, कारण दिवसातली सगळ्यात गार हवा तेव्हाच मिळते. नऊ वाजता सगळं बंद करून पडदे ओढा. रात्री एसी लावण्याआधी दहा मिनिटं दार-खिडकी उघडून, एक्झॉस्ट असेल तर तो लावून कोंडलेली गरम हवा बाहेर जाऊ द्या.

मग एसी २६ वर आणि छताचा पंखा हळू. सुरुवातीला पंखा जोरात लावला तर स्लॅबखालची गरम हवा अंगावर येते. खोली गार झाली की पंखा वाढवा आणि एसी २७ वर न्या. आपली हवा कोरडी असल्यामुळे मेमध्ये २७ आणि पंखा एवढ्यावर शांत झोप लागते. स्टारचं लेबल ठरवणाऱ्या ऊर्जा दक्षता ब्युरोचं सांगणं आहे की एका अंशामागे सुमारे ६ टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून स्टारवाले एसी चालू होताना आपोआप २४ वर येतात तेही यासाठीच. म्हणून रिमोट हातात घेतल्यावर तेवढे दोन अंश वाढवायचे. जूनमध्ये मात्र २५-२६ आणि हवेतला ओलावा काढणारा ड्राय मोड.

पहाटे चारचा बंद टायमर लावा. तोपर्यंत स्लॅब निवलेला असतो आणि पुढचे दोन तास पंख्यावर निभावतात.

या सगळ्या काटकसरीला एक अपवाद आहे आणि तो मनापासून सांगतो. घरात म्हातारी माणसं, तान्हं बाळ, गरोदर बाई किंवा बीपी-हृदयाची औषधं घेणारं कोणी असेल, तर उष्णतेच्या लाटेच्या दिवसांत दुपारी बारा ते चार त्यांना एसीच्या खोलीत बसवा. बजेट मोडलं तरी चालेल. शेतातून आलेल्या माणसाचं अंग तापलेलं आहे, घाम थांबलाय, बोलणं असंबद्ध होतंय, असं दिसलं तर तो उष्माघात आहे. १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर पाणी मारून वारा घाला.

पायरी ९: धूळ आणि गॅस

मेमधल्या वावटळींनी फिल्टर आठवड्यात भरतो. दर पंधरा दिवसांनी, धुळीच्या दिवसांत दर आठवड्याला, फिल्टर काढून नळाखाली धुवा आणि सावलीत वाळवा. पाच मिनिटांचं काम आहे. बाहेरची कॉइल वर्षातून एक-दोनदा धुऊन घ्या. मार्चमध्ये एकदा, आणि कापसाच्या जिनिंग किंवा शेतरस्त्याजवळ राहत असाल तर मेच्या मध्यात पुन्हा.

गॅस संपला, भरावा लागेल, हे वाक्य ऐकलं की आधी विचारा: गळती कुठे आहे? एसीचा गॅस वापराने संपत नाही, बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला तर कुठेतरी गळतोय. गळती न शोधता भरलेला गॅस पुढच्या महिन्यात पुन्हा जातो आणि पैसेही. युनिटवर गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं. आर-३२ असेल तर आर-३२ च, आणि वजनकाट्यावर मोजूनच. आर-३२ थोडा ज्वालाग्राही आहे आणि आर-२९० त्याहून जास्त, त्यामुळे हे काम कंपनीचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडूनच करा.

पाऊस स्थिरावला की एसी तासभर नुसत्या फॅन मोडवर चालवून कॉइल वाळवा, फिल्टर धुऊन लावा, एमसीबी पाडा आणि रिमोटचे सेल काढून ठेवा. बाहेरच्या युनिटला प्लॅस्टिकचा कागद गुंडाळू नका, आत ओल धरते आणि उंदीर शिरतात. वरून पत्र्याचा एक तुकडा बांधला तरी पुरतं.